रडू थांबवायची गोळी

जानकूबाबाला लकवा झाला तेव्हा घरच्यांनी सर्वांत आधी पारवा शोधला. पारव्याचं रक्त गरम असतं, ते लुळ्या अंगाला चोळलं की अंग उठतं, हे मढ गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स, बारा वर्षं नोकरी झालेली, पण मला कोणी विचारलं नाही. मला कळलं तोवर दुपार झाली होती. बाबाच्या डाव्या हातापायावर रक्त वाळलं होतं आणि पारव्यासाठी विहिरीतल्या कपारीपर्यंत उतरलेला चुलत पुतण्या पाय मुरगळून शेजारी बसला होता. मी सगळ्यांवर तोंडसुख घेतलं आणि जीप बोलावून बाबाला आळेफाट्याच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथून त्याला पुण्याला नेलं. ही २००३ ची गोष्ट, गणपतीच्या आदल्या आठवड्यातली.

लकवा दोन तऱ्हेचा असतो. एकात मेंदूतली शीर फुटून रक्त सांडतं. दुसऱ्यात शिरेत गुठळी अडकते आणि पुढच्या भागाला रक्तच पोचत नाही. बाबाची गुठळी होती. ती मेंदूच्या उजव्या बाजूला अडकली म्हणून डावं अंग गेलं. लवकर आणलं असतं तर आणखी थोडं वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ते मी गावात चारदा सांगितलं. माझा स्वभावच तसा आहे.

तीन आठवड्यांनी बाबा घरी आला. पाय ओढत चालायचा, जीभ जड झालेली, पण डोकं जाग्यावर होतं. फक्त एक नवीन गोष्ट सुरू झाली होती. तो रडायचा.

हा जानकूबाबा बाप गेला तेव्हासुद्धा रडला नव्हता. बायको बोलायला लागली की टोपी घालून घराबाहेर पडायचं, ही त्याची अडतीस वर्षांची रीत. त्याचा धाकटा भाऊ सयाजी गोठ्याच्या भिंतीवरून झालेल्या भांडणामुळे नऊ वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता. तो भेटायला आला आणि बाबा ओक्साबोक्शी रडू लागला. सयाजीनं त्याला मिठी मारली, स्वतःही रडून घेतलं आणि थोरल्याच्या पोटात केवढी माया होती ते गावभर सांगत सुटला. मग व्याही आले. बाबा रडला. सरपंच आले. बाबा रडला. बाबाचा जीव आपल्यावरच जास्त होता, अशी खात्री करून घेऊन जो तो घरी गेला. शेवटी वायरमन मीटर बघायला आला, तर बाबानं त्याचा हात धरून असा काही हंबरडा फोडला की बिचारा शिडी तिथंच टाकून पळाला.

पुण्याच्या डॉक्टरांनी हे ओळखून आधीच एक गोळी लिहून दिली होती. दर आठवड्याला मी बीपी बघायला जायचे. एकदा औषधांची पिशवी तपासली. रक्त पातळ करायच्या गोळ्या बरोबर संपत आल्या होत्या, बीपीच्याही. रडण्यावरच्या गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं.

गोजरबाई, म्हणजे बाबाची बायको, मला मागच्या पडवीत घेऊन गेली. ती गोळी ती मुद्दामच देत नव्हती. रोज दुपारी जेवणं झाली की ती बाबासमोर बसायची आणि एक एक जुनी गोष्ट काढायची. बाटलीनं दूध पाजून वाढवलेला तिचा बोकड त्यानं तिला न विचारता पाहुण्यांना कापला होता. जत्रेत तिला विसरून तो एकटाच जीपमध्ये बसून घरी आला होता. ती सांगायची आणि बाबा रडायचा.

माझ्यातली नर्स जागी झाली. मी तिला समजावलं की मावशी, हा पश्चात्ताप नाही. रडणं-हसणं आवरून धरणारा मेंदूतला भाग जायबंदी झाला आहे. मनात काही नसलं तरी रडू फुटतं. वायरमनला बघूनसुद्धा बाबा रडले.

"मला ठाव न्हाई व्हय?" ती म्हणाली. "वायरमन शिडी न्यायला आला तवा त्याला च्या मीच दिला. कुणासाटी रडत्यात ते मी इचारतच न्हाई, बाई. मी बोलताना उटून जात न्हाईत, तेवढं मला लई झालं."

मी पाकीट पिशवीत परत ठेवलं.

मी निघताना ती म्हणाली की सगळं सांगून होत आलं, एकच राहिलं. तिची आई माहेरी, आहुप्याला वारली तेव्हा मढला भातलावणी चालू होती. माणसं कामाला लागलीत, नंतर जा, असं म्हणून बाबानं तिला सोडलं नाही. ती पोचली दहाव्याला. आईचं तोंड बघायचं राहिलंच. तेव्हापासून या गोष्टीबद्दल घरात चकार शब्द निघाला नव्हता.

"ते मी काडायची न्हाई. ते त्यांनी काडायचं," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "पर रडत बोलले, तर तू म्हनशील आजार बोलतोय."

त्या दिवसापासून तिनं गोळी सुरू केली. माझी शहाणपणाची वाक्यं आयुष्यात कुणी एवढी मनावर घेतली नव्हती. ती हिनं घेतली आणि मलाच धसका बसला. गोळीनं रडू थांबेल, पण त्याबरोबर म्हातारा पुन्हा पहिल्यासारखा झाला तर?

तीन आठवड्यांत बाबा कोरडा ठणठणीत झाला. सयाजी आला तर 'आलास?' म्हणून गप्प. सयाजी हिरमुसून गेला आणि गोळीला शिव्या देऊ लागला. गोजरबाई दुपारी समोर बसायची, पण आता तीही काही बोलायची नाही. असेच पंधरा दिवस गेले. मी जायचे, तिच्याकडे बघायचे, ती नुसती मान हलवायची. मला बाबाचा राग येऊ लागला होता.

दिवाळीनंतर नवा तांदूळ घरात आला. मी बाबाच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधत होते, गोजरबाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. बाबा सुपाकडे बघत होता.

"तुज्या आयचं सांगायचं राह्यलं," तो जड जिभेनं म्हणाला. "म्या जाऊ दिलं न्हाई."

मी आधी त्याचे डोळे बघितले. कोरडे होते.

गोजरबाईनं सूप खाली ठेवलं, उठली आणि मागच्या दारानं बाहेर गेली. बाबा दाराकडे बघत राहिला.

"यील का?" त्यानं मला विचारलं.

"तुम्ही यायचात का?" मी म्हटलं. नर्सनं पेशंटशी असं बोलू नये.

"भाकर खायाला यायचो," तो म्हणाला आणि मान खाली घातली.

गोजरबाई आली ती तोंड धुऊन. पदरानं चेहरा पुसला, सूप बाजूला सरकवलं आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"हं, बोला आता," ती म्हणाली. "मी बसलीया."

मी पट्टा सोडला, पिशवी उचलली आणि बाहेर आले. वहीत त्या दिवशीचं बीपी लिहायचं राहून गेलं.