मागच्या रांगेतली दोरी

समुद्रकाठी आमची वसाहत उभी राहिली तेव्हा घरांच्या दोनच रांगा होत्या. पुढच्या रांगेला समुद्र, मागच्या रांगेला रस्ता. बंदरातल्या कामगारांना चिठ्ठ्या काढून घरं दिली. आमच्या ह्यांच्या हाती पुढची रांग लागली होती. त्यांनी ती चिठ्ठी तिथल्या तिथे बहिणीच्या नवऱ्याशी बदलून टाकली. "तिला दमा आहे, मोकळी हवा लागते," म्हणाले. मला काय लागतं, ते कुणी विचारलं नाही.

तेव्हापासून बेचाळीस वर्षं समुद्र वन्संचा आणि बसथांबा माझा.

माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू? माझ्याकडे आलेले पाहुणेसुद्धा पाणी पिऊन झालं की "जरा तिकडे डोकावून येतो" म्हणत उठायचे. वन्संच्या खिडकीत बसून घेतलेला चहा मला कधी गोड लागला नाही.

पण पुढच्या रांगेत एक गोष्ट होत नसे. कपडे वाळत नसत. खाऱ्या वाऱ्यात चादर दिवसभर टांगली तरी हाताला चिकट लागायची. कड्याकुलपं गंजायची ती वेगळीच. म्हणून पुढच्या प्रत्येक घराची एक दोरी मागच्या कुणाच्या तरी गॅलरीत असे. कुणाचं कुणाशी बिनसलं, हे आमच्याकडे दोरी बदलली की कळायचं.

वन्सं रोज दहाला बादली घेऊन माझ्या दारात.

"वहिनी, चार चिमटे द्या."

"समुद्राकडे मागा की."

"तो कसला देतोय? परवा माझी चप्पल घेऊन गेला."

त्या ओल्या बादलीसकट उंबऱ्यात उभ्या राहिल्या की माझा जीव थंड व्हायचा. हे गेले, त्यांचे यजमान गेले, तरी दहाची बादली चुकली नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या लेकीने कपडे वाळवायचं मशीन पाठवलं. पहिल्या दिवशी मी चिमटे काढून ठेवले होते. दुसऱ्या दिवशीही. शेजारची शिंपीण म्हणाली, "बरं झालं, आता सगळी दोरी तुमचीच." मला तिचा रागच आला.

आठवड्याने गेले बघायला. वन्संनी मशीनमधून टॉवेल काढून माझ्या हातात दिला. गरम, मऊ. माझ्या गॅलरीतल्या उन्हाने बेचाळीस वर्षांत असा एक टॉवेल वाळवला नव्हता.

"म्हणजे आता ऊनही तुमच्याच घरात," मी म्हटलं.

"मग काय. तुमच्या पायऱ्यांनी माझे गुडघे गेले," त्या म्हणाल्या. पण टॉवेलची घडी त्यांनी दोनदा घातली.

घरी आले. चांगल्या धुतलेल्या, वाळलेल्या दोन चादरी पुन्हा पाण्यात बुचकळल्या, पिळल्या, आणि दुसऱ्या दिवशी दहाला बादली घेऊन वन्संच्या दारात उभी राहिले.

त्यांनी बादलीत बघितलं, मग माझ्याकडे. "तुमच्या गॅलरीत ऊन नाही?"

"आहे. मला मशीनमधलं हवंय."

"पन्नास मिनिटं लागतात."

"लागू देत."

मी आत जाऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. ती वन्संची खुर्ची. त्यांनी दुसरी ओढून घेतली आणि त्या चहा ठेवायला उठल्या. समोर समुद्र होता, सगळाच्या सगळा.

चहा कडूच लागला. मी अजून अर्धा कप मागून घेतला.