दामू गोजरची रिकामी सायकल

दामू गोजरला सायकल चालवता येत नव्हती, ही गोष्ट जगात फक्त दोघांना ठाऊक होती. एक दामू स्वतः आणि दुसरा त्याचा बाप. बाप वारल्याला पंधरा वर्षं झाली होती, तेव्हापासून दामू एकटाच हे गुपित सांभाळत होता.

खरं तर यात लपवण्यासारखं काय होतं? वैशाखरे गावात निम्म्या लोकांना सायकल येत नाही आणि त्यांचं काही अडत नाही. पण त्या निम्म्यांना सासऱ्याने लग्नात सायकल दिलेली नाही. दामूला दिली होती. सदुसष्ट साली सुपारी फुटली त्या दिवशी बाईजाच्या बापाने सहज विचारलं, "जावईबापूंना सायकल येते ना?" दामूने तोंड उघडायच्या आत त्याचा बाप बोलून गेला, "येते म्हंजे? एका हातानं चालवतो!" झालं. शहापूरकडच्या त्या भल्या माणसाने दुभती म्हैस विकली आणि विलायती सायकल आणली. काळी कुळकुळीत, पुढे पितळी बिल्ला, घंटीचा आवाज तीन शेतं पलीकडे जाईल असा. 

वरातीत त्याने सायकल हाताने धरून आणली. नवरदेवाने सायकल चालवावी असं कुणी म्हणत नाही, त्यामुळे ते निभावलं. पुढे मात्र त्याने डोकं लढवलं. सायकल कधी रिकामी न्यायचीच नाही. टोकावड्याच्या बाजाराला निघाला की सायकलवर तांदळाचं पोतं, येताना मिठाचं. शेतावरून येताना गवताचा भारा. लादलेली सायकल हातानेच ढकलावी लागते, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. तरी कुणी म्हणालंच, "बस की रे वर," तर चढाला म्हणायचा, "चढ हाय." उताराला म्हणायचा, "ब्रेकचा भरवसा नाय." आणि रस्ता सपाट असला तर पोटरीत गोळा आल्यासारखं करून खालीच बसायचा. मागून बाईजा डोक्यावर टोपली घेऊन चालायची. असा त्यांचा संसार सायकलच्या शेजारून पायी पायी चालला होता. पुढे रस्त्यावर माणसं भरभरून नेणाऱ्या वडापच्या जीपा सुरू झाल्या, सायकल गोठ्यात गेली आणि दामूने सुटकेचा श्वास टाकला.

तो श्वास अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीत पुन्हा आत ओढावा लागला. बाईजाचा भाचा शेखर फराळाला आला होता. त्याचं शहापूरला एस.टी. स्टँडजवळ सायकलचं दुकान. बैल बघायला म्हणून गोठ्यात शिरला आणि आतूनच ओरडला, "काका! ही आत्याच्या लग्नातली ना? असली फ्रेम आता बघायला मिळत नाय!"

मग त्याने बाहेर येऊन सगळ्यांसमोर बेतच जाहीर केला. वैशाखात त्याचं लग्न होतं. सायकलचं ओव्हरऑइलिंग करायचं, नवीकोरी करायची, आणि लग्नाच्या दिवशी आत्याला मागे बसवून काकांनी फाट्यापासून मांडवापर्यंत चालवत यायचं. "आजोबांच्या दारातनं गेलेली सायकल त्याच दारात परत यायला पायजे. अख्खा गाव बघायला उभा करतो."

दामू नाही म्हणणार होता. शपथेवर सांगायचं तर त्याने "ना" एवढा उच्चारही केला होता. पण त्याची नजर बाईजाकडे गेली. तिचा बाप जाऊन दहा वर्षं झाली होती आणि बापाचं नाव निघताच ती पदराने डोळे टिपत होती. दामूने "ना"च्या पुढे "...मी कशाला नको म्हणू" एवढं जोडलं. आता अख्ख्या सासुरवाडीसमोर त्याचं नाक कापलं जाणार होतं. नाकाचं एक वेळ सोडा, म्हैस विकणाऱ्या त्या माणसाच्या मुलीला कळणार होतं की आपल्याला खोट्यावर उजवलं.

त्याने ठरवलं की सायकल दुकानात न देता काम आपणच करायचं, पण संपू द्यायचं नाही. जुन्या सायकलीत वेळ घालवायला जागा फार असते.

पहिला महिना त्याने नुसती सायकल खोलण्यात घालवला. मग रंग खरवडायला बसला. सायकलवर त्याने वर्षानुवर्षं जो मिळेल तो रंग चढवला होता. वर ग्रामपंचायतीच्या दाराचा हिरवा, त्याखाली देवळाच्या कळसाचा उरलेला पिवळा, त्याखाली कुठल्याशा निवडणुकीत भिंतीवर मारलेला निळा आणि सगळ्यात तळाला सासऱ्याचा काळा. फुटक्या काचेने तो एकेक थर काढत होता, आणि थर संपू नयेत म्हणून दिवसाला वीतभरच काढत होता. तरी मार्गशीर्षात फ्रेम उघडी पडली. नुसतं लोखंड, कळशी घासून पालथी घालावी तसं लखलखीत. दामूला त्याही परिस्थितीत ती फार देखणी वाटली. एवढी वर्षं जिला घाबरलो ती आत अशी आहे होय, असं त्याच्या मनात आलं.

पण देखणेपणाच्या नादी लागून चालणार नव्हतं. त्याने फ्रेम रोज संध्याकाळी अंगणात दवात ठेवायला सुरुवात केली. सकाळी लोखंडावर तांबूस गंज यायचा आणि दामू हळहळत पुन्हा पॉलिश पेपर घेऊन बसायचा. "उघडं लोखंड हाय गो, लई नाजूक," असं बाईजाला सांगायचा. चार दिवस तिने ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी खुरासणीच्या तेलाची वाटी आणली आणि बाळंतिणीला चोळावं तसं फ्रेमला तेल चोळून ठेवलं. दवाचं काही चालेना. पाणी पडायचं आणि थेंब होऊन ओघळून जायचं.

मग दामूने छर्रे हरवले. चाकाच्या हबमधले आठ छर्रे त्याने तांदळाच्या कणगीत दडवले आणि "आता ह्या मापाचे मिळायचे नाय" म्हणून कपाळाला हात लावला. दोन दिवसांनी बाईजा तांदूळ पाखडता पाखडता थांबली. सुपातले छर्रे वेचून तिने त्याच्या हातावर ठेवले.

"उंदरानं नेले असतील," दामू म्हणाला.

"असतील," बाईजा म्हणाली. "आठ होते ना? मोजून घ्या."

चैत्रात शेखर स्वतःच आला आणि सगळ्या युक्त्यांवर पाणी पडलं. त्याने उघडी फ्रेम पाहिली आणि आनंदाने मांडीवर थाप मारली. "काका, याला रंग लावायचा नाय! असं काम तर माझ्या दुकानातला कारागीर पण करणार नाय. वरून नुसतं वार्निश मारतो." दुपारपर्यंत त्याने पुढच्या चाकाचा चिमटा बसवला, नवे टायर घातले, मागच्या चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला, चेन ओढली. बाईजा शेजारी बसून बघत होती. "चेन सैल हाय रे अजून," ती म्हणाली. शेखरने बोट लावून पाहिलं तर खरंच सैल होती. दामूने तिकडे लक्ष दिलं नाही, कारण त्याला घाम फुटला होता. पाच महिन्यांचं काम त्या पोराने पाच तासांत संपवलं होतं.

आता एकच उपाय उरला, शिकणं. एकसष्टाव्या वर्षी. कापणी झालेल्या शेतात, भर दुपारी, गाव आडवं झालेलं असताना दामू सायकल घेऊन गेला. बांधाला सायकल टेकवली, तिच्यावर चढला, देवाचं नाव घेतलं आणि पाय सोडला. सायकल बैलाच्या अकलेने निघाली, म्हणजे सरळ गवताच्या उडवीकडे. दामू उडवीत कमरेपर्यंत गेला. बाहेर आला तर समोर शेजारचा जैतू.

"काय दामूदादा?"

"ब्रेक बघतोय."

"मंग?"

"लागतात."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की दामूदादा या वयात सायकल सुसाट सोडून एकदम ब्रेक मारतो. दामूची कीर्ती आणखी वाढली आणि धाबं आणखी दणाणलं. बाईजाला खरं सांगावं असं त्याने रोज ठरवलं. रोज ती काहीतरी बोलायची, आज काय बापाची म्हैस कशी होती, उद्या काय बापाने सायकल बैलगाडीतून पेंढ्यात गुंडाळून कशी आणली, आणि दामूच्या जिभेला कुलूप लागायचं.

लग्नाचा दिवस उजाडला. टेम्पोने सायकल आणि गोजर मंडळींना किन्हवली रस्त्यावरच्या, सासुरवाडीच्या फाट्यावर उतरवलं. तिथून मांडव अर्धा मैल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, पलीकडे बाजेवाले गाल फुगवून तयार. उन्हात फ्रेम अशी चमकत होती की बघणाऱ्यांनी डोळ्यांवर हात धरले. हँडलला झेंडूचा हार. कॅरिअरवर ना पोतं, ना भारा. दामूने आयुष्यात पहिल्यांदा ती सायकल रिकामी धरली होती.

नवं धोतर, नवी टोपी, आणि आत तोच जुना दामू.

"बाईजा," तो पुटपुटला, "मला सायकल येत नाय."

"ठाव हाय," बाईजा म्हणाली.

दामूला वाटलं बाजा सुरू झाला म्हणून नीट ऐकू आलं नाही. पण बाजा सुरू झाला नव्हता.

"कवापासनं?"

"वरातीपासनं. तुमी हँडल असं धरलं व्हतं जशी काय बैलाची शिंगं. ज्याला येते तो असं धरतो का?"

"मंग बोलली का नाय गो?"

"तुमी सांगाल म्हणून थांबली. तुमी पोतीच लादत ऱ्हायला." तिने हार सारखा केला. मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "बानं सायकल लग्नाआदी दोन महिने आणली. पैल्याच आठवड्यात शिकली मी, ह्याच रस्त्यावर. फाट्यापासनं नदीपर्यंत जायची. लई जोरात जायची."

दामू तिच्याकडे वळला. "तुला येते? मंग इतकी वर्सं..."

"नवरा पायी आन् बायको सायकलवर? गावानं तुमाला जगू दिलं असतं?"

दामूला फार वाईट वाटलं. डोक्यावर टोपली घेऊन आपल्या मागून चालणारी ती त्याला दिसली, टोकावड्यापर्यंत आणि टोकावड्यापासून, दर बाजाराला. आपण आपलं नाक सांभाळत होतो आणि ही आपल्याला सांभाळत होती. त्याने हँडल सोडलं.

"धर," तो म्हणाला. "आनि मला बसव मागं."

बाईजाने एकदा त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग नऊवारीचा काष्टा घट्ट केला, पदर खोचला, दांड्यावरून पाय टाकला. "पाय वर घ्या. हलू नका," असं बजावलं आणि निघाली. पहिल्या दहा हातांत सायकल दोनदा झुकली, दामूने दोनदा डोळे मिटले. मग चाकं सुतासारखी सरळ झाली.

लोकांचा एकच गलका उठला. बाजेवाले वाजवायचं विसरले. मांडवाच्या तोंडाशी बाईजाचा भाऊ अनंता, म्हणजे नवऱ्यामुलाचा बाप, ओवाळायला ताट घेऊन उभ्या असलेल्या बायकांच्या पुढे आला आणि ओरडला, "जावईबापू, तुमी मागं का?"

"मला चालवता येत नाय!" दामू तितक्याच मोठ्याने ओरडला. "कवाच येत नव्हती! माज्या बापानं खोटं सांगितलं व्हतं!"

मांडव हसून हसून लोळला. "बघा, बायकोचा मान राखायचा तर असा!" अनंता सगळ्यांना सांगू लागला. "एका हातानं चालवणारा माणूस, पण म्हणतो येत नाय!" दामूने पुन्हा पुन्हा ओरडून सांगितलं, आईची शपथ घेतली. तसतसे लोक जास्तच टाळ्या पिटू लागले. पुढे बाईजाची पाठ हसण्याने गदगदत होती.

ओवाळायचं ताट जवळ आलं आणि बाजूने निघून गेलं.

"अगो, मांडव ऱ्हायला मागं!" दामू म्हणाला.

"ऱ्हाऊ दे," बाईजा म्हणाली. तिने पायडलवर जोर दिला, वाऱ्याने तिचा पदर सुटून दामूच्या तोंडावर आला. "नदी दावते तुमाला."