अकराव्या हिरवळीचा उतार

मी आमगावच्या रंजिता शहारेचा जुना कॉम्प्युटर बोलतोय. मला 'डबा' म्हटलंत तरी चालेल, सगळे तसंच म्हणायचे. फक्त खोटारडा म्हणू नका. एका उन्हाळ्यात माझ्यावर तो आळ आला होता, आणि त्या दुपारी माझ्यापेक्षा माझ्या मालकिणीचाच जीव जास्त टांगणीला लागला होता. आज तेवढंच सांगून टाकतो.

माझा जन्म दोन हजार पाच साली गोंदियाच्या बाजारातल्या एका दुकानात झाला. जन्म कसला, जोडकाम. एकाची पेटी, दुसऱ्याचा पंखा, तिसऱ्याचा पडदा, असं करून मला उभं केलं आणि दुकानदार म्हणाला, "मस्त चलेगा." आमगावचे केवलराम मला त्यांच्या फोटो स्टुडिओत घेऊन गेले. लग्नाचे अल्बम करायचे म्हणून माझ्यात त्या काळातलं बऱ्यापैकी ग्राफिक कार्ड होतं. ज्यांनी बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिलेला, अशी जोडपी मी बर्फाच्या डोंगरापुढे उभी केली. आपण कुठे आहोत यापेक्षा कुठे दिसतो, याचीच माणसांना भारी हौस.

रंजिता तिथेच कामाला होती. नवरीची सावली डावीकडे आणि डोंगराची उजवीकडे पडलेली दिसली, तर ती पान पुढे जाऊ द्यायची नाही. केवलराम कुरकुरायचे की लोक नवरीचं तोंड पाहतात, सावली कोण पाहतो? ती पाहिली अश्विन सरांनी. ते नागपूरच्या एका कंपनीत होते, नातेवाइकाच्या लग्नाचा अल्बम न्यायला आले होते. पोरीची नजर त्यांनी बरोबर हेरली आणि घरबसल्या करायचं काम तिला देऊ केलं. तीन महिने परीक्षा, जमलं तर कायम. केवलरामांनी नवं मशीन घेतलंच होतं, तेव्हा मी रंजिताच्या घरी आलो. ते वर्ष दोन हजार नऊ.

काम ऐकून आधी मीच चक्रावलो. मोठ्या शहरांत म्हणे अशा खोल्या असतात, जिथे समोर भिंतभर पडदा असतो. माणूस खऱ्या काठीनं खरा गोल्फचा चेंडू पडद्यावर मारतो, यंत्र त्या फटक्याचं माप घेतं, आणि तोच चेंडू पडद्यातल्या मैदानावर उडत जातो. समुद्रकाठच्या एका जगप्रसिद्ध मैदानाची अशी नक्कल कंपनीनं आधी केली होती. आता तिची नवी आवृत्ती निघणार होती. रंजितानं जुनी आणि नवी दोन्ही माझ्यात चालवायच्या, अठराच्या अठरा टप्पे ताडून पाहायचे, आणि चुकून काही बदललं असेल तर ते लिहायचं.

प्रत्येक टप्प्याच्या शेवटी बारीक कापलेल्या गवताचा तुकडा असतो आणि त्यात चेंडू घालायचं भोक. त्याला ती हिरवळ म्हणायची. पहिल्याच अहवालात तिनं अठरापैकी सतरा हिरवळी चुकीच्या ठरवल्या. कारण काय, तर सगळ्या उतरत्या आहेत, पाणी थांबणार नाही.

आता हिला दोष कसा द्यायचा? तिचे वडील, देवीदास, हे धानाच्या बांध्या समतल करण्यात पंचक्रोशीत नावाजलेले. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, आधी लोक त्यांना बोलावून न्यायचे. बांधी म्हणजे धुऱ्यांच्या, मातीच्या बांधांच्या, आतला शेताचा तुकडा, तो एका पातळीत नसला तर एका कोपऱ्यात धान बुडतं आणि दुसऱ्यात वाळतं. जन्मभर तेच पाहिलेल्या पोरीला उतार म्हणजे दोषच वाटणार. पण नागपूरच्या ऑफिसात आठवडाभर हसू चाललं. उताराशिवाय हा खेळच नाही, हे अश्विन सरांनी तिला फोनवर समजावलं, आणि शेवटी बजावलं की असा आणखी एक अहवाल आला तर काम दुसऱ्याकडे जाईल. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ माझ्या काळ्या पडद्याकडे बघत बसली. त्यात तिला तिचंच तोंड दिसत होतं. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर ती उताराबद्दल चकार शब्द लिहीना. झाडं, वाळूचे खड्डे, तळी, सावल्या, सगळं केसाकेसानं ताडून झालं. तीन महिने भरत आले. मेचा शेवटचा शनिवार उजाडला. संध्याकाळी पाचपर्यंत 'दोन्ही आवृत्त्यांत फरक नाही' असं लिहून पाठवायचं, की सोमवारी नवी आवृत्ती बाहेर पडणार आणि रंजिता कायम होणार.

त्या दिवशी आमगावात नुसती आग ओतत होती. अकरा ते दोन वीज गेली, ती आली तेव्हा व्होल्टेज इतकं कमी की टेबलफॅनची पाती मोजता यावीत. माझं अंग तापलं होतं. रंजितानं माझं झाकण काढून ठेवलं आणि देवीदास बांबूचा हातपंखा घेऊन माझ्यामागे वारा घालत बसले. अकरावी हिरवळ पडद्यावर होती. रंजितानं जुन्या आवृत्तीत चेंडू हलकेच ढकलला, तो घरंगळत खाली तळ्याकडे गेला. नव्या आवृत्तीत तसाच ढकलला, तो वर जाऊन थांबला. तिच्या ते ध्यानातही आलं नाही, ती सावल्या पाहत होती. देवीदासांचा पंखा मात्र थांबला.

"बाई, हा पाणी असता तं कोनीकडे गेला असता?"

"बाबा, हा पाणी नोहे. गेंद आहे."

"गेंद काय नि पाणी काय, उतार तं दोघायलेही कळते. हा वर काऊन जाऊन राहिला?"

तिनं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा वर. चित्र दोन्हीकडे अगदी सारखं होतं, तोच ढाळ, तीच सावली, खाली तेच तळं. फक्त चेंडू उलटा चालत होता.

तिनं अश्विन सरांना फोन लावला. ते आधीच कावलेले होते. नव्या आवृत्तीची मापं विमानातून लेझरनं घेतलीत, ती चुकायची नाहीत, असं ते म्हणाले. नागपुरात चौघांनी चित्रं ताडून पाहिली होती, कुणाला काही दिसलं नव्हतं. आणि मग ते वाक्य आलं.

"रंजिता, चूक तुझ्या डब्यात आहे. म्हातारं मशीन ते, हिशेब चुकवतंय. पाचपर्यंत फरक नाही असं लिहून पाठव आणि मोकळी हो."

फोन कट झाला. आणि मी? मी हादरलो. माझं वय झालेलं, अंग भट्टीसारखं. मीच चुकत असेन तर? आपण खोटं बोलतोय का, हे आपलं आपल्याला कुठे कळतं? माझ्या एका चुकीपायी या पोरीचं तोंडाशी आलेलं काम जाणार, या विचारानं माझा पंखा अधिकच घरघरायला लागला.

साडेतीन वाजले होते. रंजिता दोन्ही हात मांडीत घेऊन बसली. मागच्या वेळी बांधीचं डोकं लावलं आणि हसं झालं, आता पुन्हा तेच करायचं? देवीदासांनी तिला एकच सांगितलं.

"डोऱ्याले उतार दिसत नाही, बाई. मलेबी दिसत नाही. पाणी सोडला का मंग दिसते."

बांधी समतल झाली की नाही, हे ते कधी नजरेनं ठरवत नसत. घोट्याएवढं पाणी सोडायचं आणि धुऱ्यावर बसून राहायचं. पाणी कुठे आधी पोचतं, कुठे ढेकूळ कोरडं राहतं, ते पाहायचं. मग कुदळ उचलायची.

रंजितानं वही ओढली. हिरवळीवर चाळीस जागा ठरवल्या. प्रत्येक जागी चेंडू ठेवायचा, मारायचा नाही, नुसता सोडायचा, आणि कुठे थांबला ते लिहायचं. आधी जुन्या आवृत्तीत, मग नव्या. देवीदास मागून पंखा हलवत होते, त्यांचा हात बदलायचा तेवढाच काय तो खंड. जुन्या आवृत्तीत चाळीसपैकी छत्तीस चेंडू तळ्याकडे उतरले. मी तोच, माझं अंग तितकंच तापलेलं, आणि जुनी आवृत्ती मात्र बरोबर चालत होती. मला जरा धीर आला. नव्या आवृत्तीत एकामागून एक चेंडू चढावर गोळा व्हायला लागले.

एकतिसाव्या चेंडूला मी बंद पडलो.

मुद्दाम नाही हो. उष्णता सोसेनाशी झाली की आमचा प्राण आपोआप विझतो. पुढची दहा मिनिटं मला ठाऊक नाहीत. शुद्धीवर आलो तेव्हा माझ्याखाली दोन विटा होत्या, पाठीमागची खिडकी सताड उघडी होती, आणि देवीदासांची बंडी घामानं अंगाला चिकटली होती. घड्याळात चार पस्तीस. वही होती म्हणून आधीचे तीस वाचले. रंजितानं राहिलेले दहा घेतले. घाईत चेंडू भलतीकडेच पडायचा, पुन्हा ठेवावा लागायचा.

पाचला सात कमी असताना तिनं अहवाल लिहिला. 'फरक नाही' असं त्यात नव्हतं. दोन तक्ते होते आणि खाली एक विनंती: सर, अकराव्या हिरवळीवर सतराव्या जागी चेंडू ठेवा. मारू नका. सोडून द्या.

पाठवायचं बटण दाबण्याआधी तिनं वडिलांकडे पाहिलं. ते माझ्यामागे पंखा हलवत राहिले. दाबायचं तर तिचं तिनंच. तिनं दाबलं.

पाच वाजून गेले, फोन आला नाही. साडेपाच झाले. देवीदास उगीच अंगणात जाऊन बादली सरकवून आले. रंजिता फोनकडे पाहत नव्हती, म्हणजे तिचं सगळं लक्ष फोनकडेच होतं. सहाला दहा कमी असताना तो वाजला. पलीकडे अश्विन सर होते.

"वर गेला," ते म्हणाले. "माझ्या मशीनवरपण वर गेला."

चित्राखालची मापं भरताना त्या हिरवळीचे चढ-उतार उलटे पडले होते. तपासलं तेव्हा आणखी दोन हिरवळी तशाच निघाल्या. चौघांनी चित्र पाहिलं होतं, चेंडू कुणी सोडून पाहिला नव्हता. सोमवारचं प्रकाशन थांबलं. अश्विन सरांनी दुसऱ्या दिवशी फोन करून तिची माफी मागितली. माझी मागितली नाही, पण डब्याची माफी कोण मागतो?

रंजिता कायम झाली. पुढे एक गोष्ट घडली. खेळ सुरू होताना तो तयार करणाऱ्यांची आणि तपासणाऱ्यांची नावं पडद्यावर येतात, त्यासाठी कंपनीनं तिचं नाव मागवलं. तिनं लिहिलं, रंजिता देवीदास शहारे. तिकडून उत्तर आलं की तिथल्या रीतीप्रमाणे फक्त नाव आणि आडनाव घेतात. एरवी सरांपुढे खाली मान घालणारी ही पोर, तिनं लिहून कळवलं की मधलं नाव काढायचं असेल तर उरलेली दोन्हीही काढा. आठ दिवस उत्तर नव्हतं. मग तीन नावं राहिली.

दुरुस्त होऊन आलेली आवृत्ती आणखी जड झाली होती, ती माझ्यानं पेलवण्यासारखी नव्हती. रंजितासाठी नवं मशीन आलं आणि मी टेबलाखाली गेलो. म्हणून ती नावं मी पाहिली नाहीत, नुसती ऐकली. तिनं बोट ठेवून वडिलांना वाचून दाखवलं. देवीदासांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"माझा नाव कायले टाकला, बाई? मी तं त्या समुद्राकाठच्या गावाले गेलोच नाही."

"मीबी नाही गेली, बाबा."

आता दोन हजार चौदा चालू आहे. भंगारवाला दोनदा दाराशी येऊन गेला, दोन्ही वेळा देवीदासांनी त्याला अंगणातूनच वाटेला लावलं. तिसऱ्यांदा काय होईल, सांगता येत नाही, आणि माझी त्याबद्दल तक्रारही नाही. मागणं एकच आहे. कधी एखाद्या थंडगार खोलीत, त्या भिंतभर पडद्यासमोर काठी घेऊन उभे राहिलात, तर सुरुवातीची नावं घाईघाईनं पुढे ढकलू नका. त्यांत तळाशी तीन शब्दांचं एक नाव आहे. मला ते दिसलं नाही, तुम्ही तेवढं वाचा.