चार बोटं कागद

“पुसून पुसून काच झिजंल, पण हिचं मन न्हाई भरायचं,” बसम्मा पुटपुटली, कुणालाच उद्देशून नाही अशी. पण सासूचं पुटपुटणं शांतम्माला नेहमी अगदी मानेपाशी ऐकू यायचं.

काचेवर अंगठ्याचा ठसा होता. ठशाखाली नदी, नदीवर पूल, पुलावर मुंगीएवढी बैलगाडी... चारशे वर्षांमागचं कुठलंसं परमुलखातलं शहर, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, पाखराला दिसावं तसं वरून. आणि नदी काठोकाठ. लातुरात टँकर तिसऱ्या दिवशी येत होता. यातली एक घागर मिळाली तर — असं मनात येऊन ती स्वतःशीच हसली.

शिवमूर्ती मास्तरांनी ते घरच्या तसबिरींच्या दुकानात फ्रेम करायला टाकलं, त्याला चार वर्षं झाली. लातूर जिल्हा झाला ते साल. नव्या कचेऱ्यांच्या तसबिरींनी दुकान भरून गेलं होतं. शाळेत चित्रकला शिकवणारा माणूस, हैदराबादच्या जुन्या बाजारातला तो कागद दोन्ही हातांवर झेलत आलेला. “कोरणारा कधी उडाला नाही, वहिनी. एकेक गल्ली पायांनी चालला, मग पाखरू झाला.” तसंच लातूर काढायचं होतं त्यांना — मधे गोलाई, तिच्यातून फुटलेले सोळा रस्ते — आणि गल्ल्या विचारायला ते तिच्याकडे यायचे, कारण कुठल्या बोळात आड, कुठल्या वळणावर नळ, हे घागरी वाहणाऱ्या बाईइतकं कुणाला माहीत? लग्नाला चौदा वर्षं झाली होती तेव्हा, आणि कुणी आपल्याला काही विचारण्याची ती पहिलीच खेप... ती सांगत गेली. सांगता सांगता तिलाच तिचं गाव वरून दिसायला लागलं.

चित्राच्या खालच्या कडेला, टेकडीवर, एक बाई आणि एक पुरुष उभे होते, शहरातल्या मनोऱ्यांहून उंच. गाव दाखवायला उभी केलेली तिथलीच माणसं, असं मास्तर म्हणायचे. आता ‘होते’च म्हणायचं, कारण देवाच्या तसबिरीच्या तयार चौकटीत बसवताना तिच्या नवऱ्यानं, रेवणसिद्धनं, खालचा चार बोटं कागद कापून टाकला. मास्तर न्यायला आले, बघत राहिले, “राहू द्या, पुढच्या आठवड्यात नेतो,” म्हणाले. ते गेले ते गेलेच. मुखेडला बदली झाल्याचं नंतर कानावर आलं. घरानं ठरवून टाकलं, माप चुकलं. दुकान म्हटलं की माप चुकायचंच.

“कचेरीचा शिपाई यायलाय,” रेवणसिद्ध चौकटीला खिळा ठोकत म्हणाला. “सायबाला जुना नकाशा पायजे. हे देऊन टाकू.”

“मास्तरांचं हाय ते. इचारल्याबगर कसं द्यायचं?”

“चार सालं झाली. येणारा आला असता.”

“आले असते. तुमचं माप चुकलं नसतं, तर.”

रेवणसिद्धनं हातोडी खाली ठेवली.

“माप चुकलं नव्हतं,” तो चित्राकडे न बघता म्हणाला. “मोठी चौकट व्हती दुकानात. चित्रातल्या त्या दोघांपुढं तू हुभी राहायचीस, अन् तुझं तोंड... माझ्याकडं बघून तसं तोंड कधी झालं न्हाई तुझं. म्हून कापलं.”

राग यायला हवा होता. ती वाट बघत राहिली, तो येईना. एवढंच कळत होतं, की हा माणूसही इतकी वर्षं आपल्याकडे बघत होता — कुठून, ते तिला कधी दिसलं नव्हतं.