मशीनच्या पोटातली वात

शनिवारी सकाळी मंजुषाने भांडी धुवायच्या मशीनचं दार उघडलं. तळाशी चार बोटं मचूळ पाणी तुंबलेलं, वर वरणाचा पिवळा तवंग.

सोमवारी तिला कॉलेजात रुजू व्हायचं होतं. लेकीच्या, अंजूच्या बाळंतपणासाठी घेतलेली दहा महिन्यांची रजा संपत आली होती, आणि सगळं ठरलं होतं ते या मशीनच्या भरवशावर. सासूबाईंच्या, अनुसयाबाईंच्या बोटांना भांड्यांच्या पावडरीने भेगा पडल्या होत्या. साबणात हात घालायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मशीन बंद पडलं की त्या भांडी घासायला बसणार, कितीही नको म्हटलं तरी बसणार. आणि ते बघून मंजुषाचा पाय काही घरातून निघणार नव्हता.

प्लंबर प्रेमदासला फोन लावला. मागे बँड वाजत होता. "ताई, मी हिंगणीले लग्नात हाओ. मंगळवारशिवाय नाई जमत."

कंपनीचा माणूस नागपूरहून येणार, तोही चार दिवसांनी. नवरा अंकुश जाम गावी, आपल्या दुकानात.

"तू हात नको घालू त्याच्यात," अंकुश फोनवर म्हणाला. "करंट लागन."

"प्लग काढलाय. दोनदा बघितला."

"मंग तिसऱ्यांदा पाह्य."

तो चिडवत होता, तरी तिने तिसऱ्यांदा पाहिलं. मग रांगत आलेल्या अंजूला उचलून सासूबाईंच्या मांडीवर दिलं. भांडी ठेवायची खालची जाळी बाहेर काढली, वाटीने पाणी उपसून बादलीत ओतलं, उरलेलं फडक्याने टिपलं.

एरवी मशीनला शिंक आली तरी अनुसयाबाई दोन वाक्यं ऐकवत. 'माह्या घरी लाइटवर चालणारी मोलकरीण आहे,' हे तर सिंदी मेघेतल्या अर्ध्या बायांना सांगून झालं होतं. आज मात्र दारात बसून नातीचे केस उगाच सारखे करत होत्या. मंजुषाच्या नजरेतून हे सुटलं नाही.

तळातला फिल्टर काढायला तिने हात घातला तर तो न फिरवताच हातात आला. तो तर डावीकडे फिरवल्याशिवाय निघत नाही. आपणच बसवायला चुकलो की काय? परवा अंजूला ताप होता, तेव्हाच झालं असेल. ही आपली धांदल, आणि सोमवारी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आपण पन्नास मुलांच्या हातात ॲसिडच्या बाटल्या देणार!

फिल्टर धुऊन पुन्हा लावला, वाटीभर पाणी ओतलं, प्लग लावून पाणी काढायचं बटण दाबलं. नुसतं घूंऽऽ. सिंकखाली वाकून तिने मागची नळी चाचपली. कुठे दुमडलेली नव्हती. टोक सोडवून बादलीत धरलं तर थेंबही येईना.

"राहू दे वं," अनुसयाबाई म्हणाल्या. "दोन दिवस मी घासतो. मरत नाई मी."

"आई, तुम्ही बसा."

तिने पुन्हा प्लग आणि फिल्टर काढला. मोबाइलवर पुस्तिका उघडून एकेक ओळ बोटाखाली धरून वाचली. फिल्टरच्या खड्ड्यात बाजूला एक छोटं झाकण असतं, त्याच्या मागे पंपाची फिरकी. काच असली तर, म्हणून जाड हातमोजा चढवला आणि चमच्याच्या दांड्याने झाकण उचकटलं. फिरकी हलेना. काहीतरी मऊ, ओशट तिला गुंडाळलं होतं. भुवयांच्या चिमट्याने तिने ते हळूहळू ओढलं.

कापूस. पिळवटलेला, तुपाने बुळबुळीत, टोकाला काळा.

घरात फुलवाती कोण वळतं, हे काही विचारायला नको होतं. मंजुषाने मागे वळून पाहिलं. अनुसयाबाईंनी अंजूच्या डोक्याआड तोंड लपवलं.

"आई?"

"गुरुवारी तू दवाखान्यात गेलती ना पोरीले घेऊन," त्या पुटपुटल्या. "निरांजनं टाकली मी. चिंच लावून घासाले गेलं तर भेगांत झोंबते."

"उष्ट्याच्या मशीनमध्ये? देवाची भांडी?"

"तशीच नाई टाकली! ते खालचं फिल्टर काढून धुतलं, पह्यले एकदा रिकामी चालवली, मंग तुळशीचं पान ठेवलं. एखादी वात राह्यली असन. आन् मेलं पितळ निघालं काळंच. मंग बसलीच मी घासत."

म्हणजे फिल्टर सैल राहिला तो आपल्या धांदलीने नव्हे. गुरुवारी ओट्यावर चिंचेचा चोथा पाहून आपण मनात रागावलो होतो, ते मंजुषाला आठवलं. तिला हसू फुटलं, आधी नाकातून, मग मोठ्याने. अंजूही कारण नसताना खिदळली.

"हास! सांग आता अंकुशले."

"नाही सांगत. पण पितळ नाही टाकायचं यात. ते मी शनिवारी घासत जाईन."

झाकण लागलं. तांब्याभर पाणी ओतून, प्लग लावून बटण दाबताच नळी थरथरली आणि पाणी भसाभस बादलीत कोसळलं. अनुसयाबाईंनी, जसं नवं बाळ पाहावं तसं, वाकून पाहिलं.

प्लग काढून, नळी जागेवर लावून मंजुषाने फिल्टर सासूबाईंच्या हातात दिला. "तुम्ही बसवा. ठेवा, उजवीकडे फिरवा. टक् वाजलं पाहिजे."

भेगाळलेल्या बोटांनी त्यांनी फिरवला. वाजलं नाही. पुन्हा फिरवला. टक्.

"आलं!" त्या म्हणाल्या. "सोमवारी तू जाजो बिनधास्त. पण त्या प्लगचं काय, पाह्यला का?"

मंजुषाने चौथ्यांदा पाहिला.