नानाजीची ज्वारी आणि अमिनाबीचा लेक

दिग्रसच्या अलीकडे, टेकडीला लागून नानाजीचं वावर होतं. टेकडीला लागून वावर म्हणजे अर्धं माणसासाठी पेरायचं आणि अर्धं रानासाठी, असं गावातले लोक म्हणत. ज्यांची वावरं गावाजवळ होती तेच असं म्हणत, हे वेगळं सांगायला नको. एकोणीसशे साठ-एकसष्टचा सुमार होता. त्या वर्षी ज्वारी अशी उभी होती की आत शिरलेला माणूस दिसू नये. कणसं भरायला आणि डुक्कर उतरायला एकच गाठ पडली.

कळप नव्हता, एकच एकांडा नर होता. पण एका फेरीत खळ्याएवढी जागा आडवी करायचा. खायचा थोडं, तुडवायचा फार. नानाजीने बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं, रिकामे डबे टांगले, बुजगावण्याला आपला जुना सदरा चढवला. त्याच्या बायकोचं, विमलताईचं म्हणणं असं की सदरा ओळखून डुक्कर जास्तच निर्धास्त झालं. हसण्यासारखंच होतं, पण घरची वर्षाची भाकर त्याच वावरातून यायची. ज्वारी गेली तर घरात दुसरं काही नव्हतं.

शेवटी नानाजी दिग्रसला शब्बीरकडे गेला. शब्बीरचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि घरात बापाची एकनळी बंदूक होती. बाप अब्दुल गनी वारला तेव्हापासून ती शब्बीर चालवायचा. गनी आणि नानाजी जुने दोस्त. शब्बीर लगेच तयार झाला; अडली ती त्याची आई, अमिनाबी. तिच्या घरात त्या जनावराचं नावसुद्धा घेत नसत.

"नानाजी, ते जनावर लय बेकार हाय," ती म्हणाली. "मेरा एकच लेक हाय. याचा बाप संगं असता तर मी बोललीच नसती."

"भाभी, मी कुऱ्हाड घेऊन त्याच्या बाजूलेच उभा राहीन. त्याले काही झालं तर मले जाब इचारजा."

"तुमच्या जबानवर धाडून राह्यली मी त्याले," अमिनाबी म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाका घातला. गावची माणसं डुक्कर खाली हुसकायला डफडी आणि डबे बडवत नाल्याच्या वरच्या अंगाने निघाली. खाली पळसाच्या झाडामागे शब्बीर बंदूक धरून उभा राहिला आणि नानाजी त्याला खेटून, कुऱ्हाड घेऊन. हाकेवाले अजून लांब होते तेवढ्यात झुडूप हललं आणि डुक्कर बाहेर आलं. शब्बीरने बार टाकला. डुक्कर कोलमडलं, लोळलं.

आता शब्बीरची शिकार म्हणजे आजवर सगळी चितळाची आणि सशाची. बापाने हाताला धरून एकच गोष्ट शिकवलेली: जनावर पडलं की बंदूक टाकायची आणि धावायचं. जीव असेतो अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवली तरच ते खाण्यालायक, नाहीतर मेहनत पाण्यात. डुक्कर त्याने त्या दिवशी पहिल्यांदाच मारलं होतं. हे चितळ नव्हे, हे डोक्याला ठाऊक होतं, पायांना नव्हतं. बंदूक खाली पडली, कमरेची सुरी हातात आली आणि तोंडाने बिस्मिल्ला म्हणत तो पळत सुटला.

"अबे, कुठं चालला! डुक्कर हाय ते!" नानाजी ओरडला.

शब्बीर जागीच थांबला. आपण काय करतोय ते तेव्हा त्याच्या ध्यानात आलं आणि तो खजील होऊन मागे वळला. तेवढ्यात डुक्कर उठलं. त्याने सुळ्याने मांडी फाडली आणि शब्बीर खाली आला. नानाजी तोवर पोचला होता. त्याने डुकराच्या डोक्यात कुऱ्हाड घातली, ते पडेपर्यंत घालतच राहिला. पोराचं नशीब म्हणायचं की नानाजीचे पाय त्या वयातही धावले.

बैलगाडीत, फेटा करकचून बांधलेल्या पायाने पडल्या पडल्या शब्बीर म्हणाला, "काका, मायले नका सांगजा."

"काय?"

"मी सुरी घेऊन धावलो ते. डुकरावर बिस्मिल्ला केला म्हणून सारं दिग्रस हासन. मायले तर मी तोंड दाखवू शकनार नाही."

एवढं रक्त गेलेलं आणि पोराला काळजी कशाची, म्हणून नानाजीला हसूच येणार होतं. "नाही सांगत," तो म्हणाला.

"कसम घ्या."

"घेतली. पडून राह्य आता."

डॉक्टरने टाके घातले. पाय वाचेल, पण चाल पहिल्यासारखी राहणार नाही, असं सांगितलं. घरी आणून खाटेवर टाकलं तेव्हा अमिनाबीने आधी लेकाला पाणी पाजलं, त्याचं तोंड पुसलं, मग दारात आली. रडली नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं नानाजीला वाटलं.

"तुम्ही बाजूलेच उभे होते ना?"

"होतो, भाभी."

"कुऱ्हाड हातात होती?"

"होती."

"मंग जनावर याच्यापर्यंत पोचलं कसं?"

नानाजीला खरं उत्तर एका वाक्यात देता आलं असतं. त्यात त्याची काही चूक नव्हती, उलट पोराचा जीव त्यानेच वाचवला होता. आत खाटेवर शब्बीर आढ्याकडे बघत पडला होता.

"मीच त्याले पुढं धाडलं," नानाजी म्हणाला. "मेलं का पाहून ये म्हटलं."

"अन् तुम्ही मागं राह्यले."

"हो."

"ज्वारीसाठी." अमिनाबीचा आवाज चढला नाही. "याचा बाप तुमाले भाई म्हने. जा तुम्ही, नानाजी. परत या घराची पायरी नका चढू."

नानाजीने चपला घातल्या. त्याला फार वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. कसम एवढी महाग पडेल हे त्याला गाडीत कळलं नव्हतं. निघताना त्याने एकदा आत पाहिलं. शब्बीरने सगळं ऐकलं होतं. आता तरी बोलेल म्हणून नानाजी क्षणभर थांबला.

शब्बीरने तोंड भिंतीकडे फिरवलं.