शिवणीतली माया

शिंपीमास्तरांकडून कपडा ठरल्या वेळी हातात पडला, तर गिऱ्हाईक घाबरायचं, की हा दुसऱ्याच कुणाचा तर नाही ना! पण हात असा सुरेख, की माणसं कुरकुरत का होईना, त्यांचीच पायरी चढायची.

त्या शनिवारी दुपारी त्यांची थोरली बहीण पिशवी घेऊन दुकानात आली. आई गेल्यावर तिनेच मास्तरांना वाढवलं होतं, तिनेच त्यांच्या हातात सुई दिली होती. पिशवीतून एक पांढरा शर्ट काढून तिने टेबलावर पसरला.

"छातीत जरा सैल करून दे रे. उद्या बाप्तिस्म्याची उपासना आहे."

"कुणाचा गं हा, ताई?"

"कुणाचा म्हणजे? तुझाच. मला आता सुईचं नेढं दिसत नाही, नाहीतर तुला सांगितलं असतं होय!"

बाकावर शेजारचा न्हावी पँटसाठी ताटकळत बसला होता. तो फिस्सकन हसला. "मास्तर, माझं लग्न झालं, लेकीचं झालं, तुमच्या डोक्यावर काही बाप्तिस्म्याचं पाणी पडेना!"

"पडेल की," मास्तर म्हणाले. "देव काय, थांबणाराच आहे. वर निवांत बसलाय. त्याला कुठे सकाळी दुकान उघडायचंय?"

न्हाव्याने टाळीसाठी हात पुढे केला, मास्तरांनी टाळी दिली. ताई हसली नाही, रागावलीही नाही. "झाला की हाक मार," म्हणाली आणि दुकानामागच्या घरात गेली.

न्हाव्याला वाटेला लावून मास्तरांनी शर्ट उलटा केला. शिवणीच्या आत जो जादा कपडा दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. अंग भरलं की तेवढी माया सोडायची, कपडा पुन्हा अंगाला येतो. ताईच्या हातच्या कपड्यात माया नेहमीच सढळ. त्यांनी टाके उसवले, कापड उजेडाकडे धरलं, आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

कडेला सुईच्या भोकांची एक रांग होती. तिच्या बाहेर आणखी एक. तिच्याही बाहेर आणखी. उसवलेल्या प्रत्येक शिवणीची खूण कापडावर राहिली होती. सगळी हातशिलाई, बारीक, एकसारखी. शेवटच्या रांगेत मात्र टाके वाकडेतिकडे गेले होते. ते पोरसवदा होते तेव्हा शिवलेला शर्ट. त्यांची छाती भरली, पोट सुटलं, तसतसा तो त्यांच्याबरोबर वाढत आला होता, आणि त्यांना पत्ता नव्हता. जेवायला वाढताना ताई पाठीवरून वीत फिरवायची, तेव्हा त्यांना वाटायचं, लाड करतेय. ती माप घेत होती.

आता माया संपली होती. कापडाचा काठ तेवढा उरला होता.

मास्तरांनी सवयीने चिंध्यांच्या टोपलीत हात घातला. पांढरा तुकडा सापडला. काखेत एक जोड दिला की अजून तीन-चार वर्षं सहज निघतील, असं मनात आलं, आणि पाठोपाठ कानशिलं तापली. तीन-चार वर्षं कशासाठी? आणखी टाळ्या द्यायला?

तुकडा तसाच मुठीत धरून ते आत गेले. ताई खाटेवर बसून धुतलेल्या चादरींच्या घड्या करत होती.

"ताई, इतकी वर्षं सैल करत होतीस?"

"लागेल तेव्हा, बाप्तिस्म्याच्या उपासनेआधी. न जाणो, ऐनवेळी तुला बुद्धी व्हायची आणि अंगात शर्टच शिरायचा नाही."

"मला वाटलं, तू नुसती वाट बघतेस."

"नुसती वाट कोण बघतं रे?" ताई हळूच म्हणाली. "आपला देव तरी बघतो का? तुला वाटतं तो निवांत बसलाय. अरे, तुझी रोजची ऊठबस त्याच्या खांद्यावर आहे. तू नाश पावू नयेस म्हणून तो सोसतोय, आणि तू त्यावर चेष्टा करतोस."

मास्तरांना मान वर करवेना. मुठीतला तुकडा खाटेवर टाकून ते म्हणाले, "चल. पाळकांकडे जाऊ."

"आत्ता? शर्ट?"

"शर्ट राहू दे."

पाळक प्रार्थनागृहात बाक पुसत होते. दोऱ्याचे तुकडे चिकटलेल्या सदऱ्यातल्या मास्तरांना पाहून ते चकित झाले. सगळं ऐकून म्हणाले, "मास्तर, बाप्तिस्म्याआधी शिकवण घ्यावी लागेल. बाप्तिस्मा पुढच्या खेपेला. उद्या उपासनेला या, मग बोलू."

"उद्यापर्यंत थांबलो, तर मी पुन्हा मीच होईन हो."

पाळकांनी फडकं खाली ठेवलं. "खरं आहे. प्रभूला हो म्हणायला उद्याची गरज नाही. या."

ते गुडघ्यांवर बसले. देवापुढे आजवर काहीच नेलं नव्हतं, आणि आता तर स्वतःला झाकायला थट्टाही उरली नव्हती.

"प्रभू येशू," ते पुटपुटले, "तू माझ्यासाठी जीव दिलास. मी तुझ्या थांबण्याची थट्टा केली, चारचौघांत केली. मला क्षमा कर. मी पापी आहे. मला तुझा करून घे."

ताई बाकाला धरून कष्टाने शेजारी टेकली. आमेन तिनेच म्हटलं; मास्तर ओंजळीत तोंड लपवून रडत होते.